फर्मवेअर अपडेटनंतर पॉवर मीटर पेडल बिनसली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं दोन्ही पायांचा जोर वॅटमध्ये मोजणाऱ्या सायकलच्या पेडलांसाठी आहेत: फावेरो असिओमा ड्युओ, गार्मिन रॅली, वाहू पॉवरलिंक झीरो आणि त्या जातीतली इतर. अॅपमधल्या मेनूंची नावं कंपनीगणिक बदलतात, पण दुखणी बहुतेक तीच. घाई असेल तर पहिले तीन प्रश्न वाचा, निम्म्या लोकांचं काम तिथेच होतं.

काल अपडेट केलं आणि आज वॅट भलतेच दाखवतंय. नवं फर्मवेअरच (पेडलच्या आतलं सॉफ्टवेअर) खराब आहे का?

असू शकतं, पण तो संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. अपडेट करताना पेडल रीस्टार्ट होतं, कधी सेटिंग मूळपदावर जातात, हँडलवरच्या सायकल कंप्युटरशी असलेली जोडणी तुटून नव्याने होते. बल मोजणारे स्ट्रेन गेज (पेडलच्या आतले सेन्सर) जिथे होते तिथेच असतात. बदलतं ते त्यांच्याभोवतीचं.

आकडा किती चुकतोय यावरून बरंच कळतं. वॅट जवळजवळ निम्मे झाले असतील तर एका बाजूचं पेडल ऐकू येत नाहीये. दीड ते साडेचार टक्क्यांचा फरक असेल आणि तो सगळ्या राईडभर तेवढाच राहत असेल, तर क्रँकची, म्हणजे पेडल बसवलेल्या दांड्याची, लांबी. सुरुवातीला बरोबर आणि तासाभरात हळूहळू सरकत गेलेला आकडा म्हणजे झीरो ऑफसेट, पेडलवर भार नसतानाचं शून्य, सरकलंय. मधेच शून्य, मग पुन्हा सुरू, असं होत असेल तर बॅटरी किंवा सिग्नल. आणि "पाय जड वाटतायत पण वॅट कमी आहेत" हे कुठल्याच बिघाडाचं लक्षण नाही. आधी नीट झोप काढा.

क्रँकची लांबी मी कधीच बदलली नाही. ती कशी चुकेल?

तुम्ही नाही बदलली, दुसऱ्या कोणीतरी बदलली. पेडल बल आणि फिरण्याचा वेग मोजतं, क्रँकची लांबी नाही. त्या बलाला क्रँकच्या लांबीने गुणलं की टॉर्क मिळतो, टॉर्कला फिरण्याच्या वेगाने गुणलं की वॅट. म्हणजे लांबी चुकली की वॅट त्याच प्रमाणात चुकले. अपडेटनंतर ती कंपनीच्या मूळ आकड्यावर गेलेली असू शकते, आणि हा आकडा बऱ्याचदा १७२.५ मिलिमीटर असतो. आपल्याकडे लहान फ्रेमवर १६५ किंवा १७० चे क्रँक सर्रास असतात. क्रँक १७० चा आणि सेटिंग १७२.५ चं असेल तर वॅट सुमारे १.५ टक्के जास्त दिसतात. क्रँक १६५ चा असेल तर फरक ४.५ टक्क्यांवर जातो: खरे २०० वॅट, पडद्यावर २०९. एवढ्यावर माणूस फॉर्म आला म्हणून खूश होतो.

खरी लांबी क्रँकवरच कोरलेली असते. पेडल जिथे आवळलेलं असतं त्या टोकाला, आतल्या बाजूने, चेनचं काळं तेल पुसल्यावर दिसते. सायकलच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. दुकानात क्रँक बदललेला असतो आणि कोणी सांगत नाही.

आता गोम. अॅपमध्ये लांबी बरोबर भरली तरी सायकल कंप्युटर जोडला जाताना स्वतःकडची लांबी पेडलला पाठवू शकतो. गार्मिनच्या एज मालिकेत सेन्सरच्या सेटिंगमध्ये क्रँक लेंथ असते, ती जुनीच राहिली की अॅपमध्ये केलेली दुरुस्ती पुढच्या राईडला पुसली जाते. म्हणून क्रम असा: अॅपमध्ये भरा, कंप्युटरमध्ये भरा, पाच मिनिटं चालवा, आणि पुन्हा अॅप उघडून आकडा टिकलाय का ते पाहा. दोन सायकलींवर एकच पेडल फिरवणाऱ्यांनी हे दर अदलाबदलीला करायचं, अपडेट असो वा नसो.

वॅट निम्मेच दिसतायत. डावी-उजवी विभागणीही दिसत नाही.

विभागणीचा रकाना रिकामा असेल तर कंप्युटर तुमच्या जोडीला एकाच बाजूचं पेडल समजतोय. असिओमासारख्या पेडलांत डावं पेडल मुख्य असतं. उजवं आपला हिशेब डाव्याला देतं आणि डावं दोन्हींचा मिळून बाहेर सांगतं. अपडेट एका पेडलला लागलं आणि दुसऱ्याला नाही, असं झालं की दोघांचं बोलणं बंद पडतं. अॅपमध्ये प्रत्येक पेडलची फर्मवेअर आवृत्ती स्वतंत्र दाखवलेली असते. ती सारखी आहे का ते सगळ्यात आधी पाहा.

आवृत्ती सारखी असूनही निम्मे वॅट येत असतील तर ब्लूटूथची बाजू तपासा. काही पेडल ब्लूटूथवर दोन्ही बाजू एकत्र पाठवतात किंवा डावी-उजवी वेगळी पाठवतात, आणि हे अॅपमधून निवडता येतं. ते वेगळं पाठवण्यावर गेलं आणि तुमच्या इनडोअर अॅपने नुसतं डावं उचललं, की निम्म्या वॅटवर घाम गाळणं आलं.

खात्री करायची सोपी रीत ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर, आहे. उजवा पाय पेडलमधून सोडवून बाजूला स्टुलावर ठेवा आणि फक्त डाव्याने अर्धा मिनिट चालवा. मग उलट. डाव्याच्या वेळी विभागणी जवळपास पूर्ण डावीकडे झुकायला हवी, उजव्याच्या वेळी उजवीकडे. फक्त उजव्याने चालवताना वॅट शून्यावर बसले तर उजवं पेडल मोजत नाहीये, किंवा त्याचा आवाज पोचत नाहीये. डाव्याने चालवताना नेहमीच्या दुप्पट वाटणारा आकडा आला तर कंप्युटर डाव्याची दुप्पट करून दाखवतोय.

अपडेट अर्ध्यात अडकलं. पेडल कायमचं गेलं का?

बहुधा नाही. फर्मवेअर लिहिणारा छोटा मूळ प्रोग्रॅम वेगळा असतो आणि तो शाबूत राहतो. अॅप पूर्ण बंद करा, फोनचं ब्लूटूथ बंद-चालू करा, पेडल चार्जरला लावून काढा किंवा सेल काढून काही मिनिटांनी परत घाला, आणि पुन्हा अपडेट सुरू करा.

दुसऱ्यांदा करताना सायकल कंप्युटर, घड्याळ, ट्रेनरचा टॅब्लेट हे सगळं बंद ठेवा. पेडलला एकाच वेळी चार जण हाका मारत असतील तर अपडेट तुटतंच. फोन पेडलच्या शेजारी, जमिनीवर ठेवला तरी चालेल. स्क्रीन चालू ठेवा, मधे फोन आला तर घेऊ नका, आणि फोनचा बॅटरी वाचवणारा मोड आधी काढा, कारण तो अॅपला पार्श्वभूमीत झोपवतो. अँड्रॉइड ११ किंवा त्याआधीच्या फोनवर ब्लूटूथ उपकरण शोधायला अॅपला लोकेशनची परवानगी लागते. १२ पासून 'नियरबाय डिव्हाइसेस' ही वेगळी परवानगी आली. ती नाकारलेली असेल तर पेडल समोर असूनही यादीत येत नाही. एवढं करूनही अडलं तर घरातला दुसरा फोन वापरून पाहा. हा उपाय फार शास्त्रीय नाही, पण लागू पडतो.

अॅपला पेडल दिसतं, सायकल कंप्युटरला दिसत नाही.

दोन वेगळ्या वाटा आहेत. फोन ब्लूटूथवर बोलतो, सायकल कंप्युटर बहुधा अँट प्लसवर. अँट प्लसवर पेडल आकाशवाणीसारखं सगळ्यांना ऐकवत राहतं, कितीही उपकरणं ऐकू शकतात. ब्लूटूथवर एका वेळी मोजकीच जोडणी चालते. कंप्युटर ब्लूटूथवर जोडलेला असेल आणि फोनने ती जागा आधीच अडवली असेल तर कंप्युटर बापडा शोधतच राहतो. अॅप बंद करा, मग शोधा.

तरीही नाही, तर कंप्युटरमधून जुना सेन्सर काढून टाका आणि नव्याने जोडा. नुसतं बंद-चालू करून भागत नाही, कारण जुन्या जोडणीचा तपशील कंप्युटरच्या डोक्यात तसाच राहतो. जोडताना शक्यतो अँट प्लसच निवडा. आणि फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन पेडल तिथे जोडलं असेल तर ते विसरायला लावा. पेडल अॅपच्या आतूनच जोडायचं असतं, हेडफोनसारखं बाहेरून नाही.

ग्रुप राईडला निघताना सगळे एका ठिकाणी उभे राहून सेन्सर शोधतात, हा एक नेहमीचा घोळ. शेजाऱ्याचं पेडल तुमच्या कंप्युटरला चिकटतं आणि तुम्ही दिवसभर त्याचे वॅट बघत बसता. पेडलचा आयडी क्रमांक कुठेतरी लिहून ठेवा. जोडणी घरातच करा.

झीरो ऑफसेट किती वेळा करायचा?

अपडेटनंतर एकदा नक्की. त्यानंतर पेडल काढून बसवली तर, आणि तापमानात मोठा बदल झाला तर. एसीच्या खोलीतून काढलेली सायकल बाहेर मेच्या उन्हात लगेच झीरो करून उपयोग नसतो. पेडलच्या आतल्या पोलादाला बाहेरच्या तापमानाला यायला वेळ लागतो. पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, किंवा थोडं चालवून थांबा आणि मग करा. पहाटे सिंहगडाच्या पायथ्याशी केलेला झीरो आणि दुपारी परतताना केलेला झीरो यांत फरक दिसला तर घाबरण्यासारखं काही नाही. तापमानाची भरपाई पेडल स्वतः करतं, तरी थोडंसं राहतंच.

करताना पाय पेडलवर नको, सायकल सरळ उभी हवी, क्रँक स्थिर हवा. हाताने पेडल धरून सरळ करायचा मोह आवरा. काही कंप्युटर शेवटी आकडा दाखवतात. त्या आकड्याला स्वतःचा अर्थ नाही, तो दरवेळी साधारण तेवढाच येतो का हे पाहायचं. दर वेळी कुठल्या कुठे उडी मारत असेल तर पेडल नीट आवळलेलं नाही, किंवा आतलं काही सैल झालंय.

वॅट खरे आहेत की नाहीत, हे घरी कसं तपासायचं?

माहीत असलेलं वजन टांगून. सगळे वाद इथे संपतात, म्हणून जरा सविस्तर.

जिममधल्या प्लेटा वापरू नका, त्यांवर लिहिलेलं आणि खरं वजन यांत बराच फरक असतो. ओळखीच्या भुसार दुकानातून वैधमापन विभागाचा शिक्का असलेली वजनं तासाभरासाठी मागून आणा. नाहीतर शिक्का असलेल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तांदळाची पिशवी दोरीसकट तोलून घ्या. वीस किलोच्या आसपास चांगलं. पाच किलोवर लहान चूकही मोठी दिसते.

सायकल ट्रेनरवर घट्ट बसवा. आधी झीरो ऑफसेट, पेडल मोकळं असताना. मग क्रँक पुढच्या बाजूला, जमिनीला समांतर आणा आणि कोणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा. समांतर म्हणजे खरंच समांतर. पाच अंशांची चूक झाली तर ०.४ टक्के फरक पडतो, पण दहा अंशांना दीड टक्का. फोनमधलं लेव्हल अॅप क्रँकवर ठेवून पाहा. पट्टा पेडलच्या बरोबर मधोमध अडकवा, वजन झुलायचं थांबू द्या आणि अॅपमध्ये वाचा. बऱ्याच कंपन्यांच्या अॅपमध्ये किंवा सायकल कंप्युटरमध्ये यासाठी स्थिर वजनाची किंवा टॉर्कची चाचणी असते.

अॅप किलोत दाखवत असेल तर २० किलोला १९.८ ते २०.२ आलं की पेडल ±१ टक्क्याच्या दाव्यात आहे. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये दाखवत असेल तर हिशेब असा: वजन गुणिले ९.८१ गुणिले क्रँकची लांबी मीटरमध्ये. २० किलो आणि १७० चा क्रँक म्हणजे ३३.४. सेटिंगमध्ये चुकून १७२.५ असेल तर ३३.८ येईल. म्हणजे किलो बरोबर आणि टॉर्क चुकीचा आला तर पेडलला दोष देऊ नका, लांबीकडे परत जा. किलोच चुकत असतील, समजा दोनदा टांगूनही १९च येतंय, तर ते पेडलचं दुखणं आहे. ते तुम्हाला घरी सुधारता येणार नाही.

दोन्ही पेडल वेगवेगळी तपासा. डाव्यात चूक अधिक आणि उजव्यात उणे असेल तर बेरीज बरोबर येते आणि विभागणी खोटी. मग लोक उगाच फिजिओथेरपिस्टकडे जातात.

अॅपमध्ये स्केल फॅक्टर नावाची, आकडा ठराविक पटीने बदलणारी सोय असेल आणि तुम्ही पूर्वी त्यात काही भरलं असेल, तर अपडेटनंतर ते टिकलंय का तेही पाहा. नसेल भरलं तर तिथे हात लावू नका.

वजनं मिळत नाहीत. दुसरा मार्ग?

घाट. वारा नसलेल्या सकाळी, एकसारख्या चढावर, एकाच जोराने. समजा तुमचं, सायकलचं आणि पाण्याचं मिळून वजन ८२ किलो, आठ किलोमीटरमध्ये ५०० मीटर चढ, आणि लागली ४० मिनिटं. नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ८२ × ९.८१ × ५०० ÷ २४०० म्हणजे सुमारे १६८ वॅट. टायरचं घर्षण, हवा आणि चेनमधली घट यांचे पंचवीस-एक वॅट धरले की पेडलवर १९०-१९५ च्या आसपास सरासरी यायला हवी. या रीतीने दोन टक्क्यांची चूक सापडणार नाही, पण निम्मे वॅट लपूही शकणार नाहीत. कात्रजचा जुना घाट तुमच्या पायाखालचा असेल तर अपडेटआधीच्या राईडची फाईल काढा आणि तेवढ्याच वेळेच्या आताच्या राईडशी ताडून पाहा.

ट्रेनर २४२ दाखवतो, पेडल २५०. कोण खोटं बोलतंय?

कोणीच नाही. पेडल पायाशी मोजतं, ट्रेनर चेन पार करून आलेलं. मधे दोन ते चार टक्के चेन आणि गिअरमध्ये जातात, शिवाय दोघांची स्वतःची एक-दोन टक्क्यांची चूक असतेच. पेडल ट्रेनरपेक्षा कमी दाखवत असेल तर मात्र कुठेतरी पाणी मुरतंय. फरक याहून मोठा असेल आणि चेन महिनोन्महिने धुतलेली नसेल तर आधी ती धुवा.

केडन्स (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या) उड्या मारतोय.

कंप्युटरला वेगळा केडन्स सेन्सरही जोडलेला असेल तर तो बंद करून पाहा, दोघांचं भांडण असतं. काही पेडलांना बसवल्यानंतर स्वतःची स्थिती ओळखायला काही वेळ वेगात फिरवावं लागतं. तेही करून घ्या.

अपडेटनंतर बॅटरी भराभर उतरते.

अपडेट स्वतःच बरीच बॅटरी खातं, त्यामुळे पहिल्या दिवसाचा आकडा धरू नका. चार्ज होणाऱ्या पेडलांत एक पूर्ण चार्ज करून मग मोजा. असिओमा ड्युओसाठी कंपनी किमान ५० तास सांगते. एक पेडल दुसऱ्याच्या आधी संपत असेल तर चार्जरचं चुंबकी टोक नीट बसतंय का ते बघा, संपर्काच्या ठिपक्यांवर घाम आणि चिखल साचतो. सायकल गाडीच्या रॅकवर नेताना क्रँक हलत राहिला की पेडल जागं राहतं, हेही एक कारण.

रॅलीच्या जुन्या १०० आणि २०० मालिकेत सेल असतात: दोन्ही पेडल मिळून चार एलआर४४ किंवा एसआर४४, नाहीतर दोन सीआर १/३एन. एलआर४४ अल्कलाइन असतो, त्याचा व्होल्टेज हळूहळू घसरत जातो आणि पेडल लवकर कुरकुर करायला लागतं. सिल्व्हर ऑक्साइडचा एसआर४४ शेवटपर्यंत बऱ्यापैकी एका पातळीवर राहतो. घड्याळवाल्याकडे पट्टीवर मिळणारे दहा रुपयांचे सेल खेळण्यांसाठी ठीक आहेत. एका पेडलमध्ये जुना आणि नवा असा जोड कधीही नको.

झाकण उघडलंच आहे तर आत नीट बघा. पावसाळ्यानंतर झाकणाच्या आट्यांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसते. तो गंज आहे, तोच संपर्क तोडतो आणि वॅट मधेच शून्य होतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कानकोरण्याच्या कापसाने पुसा, पूर्ण वाळू द्या, रबरी रिंग जागेवर आहे का पाहा आणि मगच झाकण लावा. हे दुखणं अपडेटच्या दिवशी लक्षात येतं, कारण त्या दिवशीच आपण पेडलकडे निरखून पाहतो.

पेडल काढून परत बसवू का?

अपडेटसाठी गरज नाही. काढलीच तर डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा, आट्यांना पातळ ग्रीस लावा आणि टॉर्क रेंचने कंपनीने सांगितलेल्या मापाला आवळा. रॅलीसाठी ते ३४ न्यूटन-मीटर आहे. "हाताला घट्ट वाटलं" हे माप नव्हे. नंतर दोन-चार जोरदार स्प्रिंट मारा म्हणजे पेडल आपल्या जागी बसतं, आणि मग झीरो.

आकडे खरंच सुधारले. आता जुन्या एफटीपीचं (साधारण तासभर टिकवता येणारे जास्तीत जास्त वॅट) काय?

आधीचे वॅट चुकीच्या लांबीने मोजले गेले असतील तर जुन्या फाईली आपोआप दुरुस्त होत नाहीत. गोल्डन चीता या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वॅट टक्केवारीने बदलायची सोय आहे. खटाटोप नको असेल तर सरळ नवी एफटीपी चाचणी द्या आणि सरावाचे झोन नव्याने लावा. कमी आकडा आला तर तोच खरा.

जुन्या फर्मवेअरवर परत जाता येतं का?

सामान्य ग्राहकाला बहुधा नाही. म्हणूनच मोठ्या राईडच्या आठवड्यात अपडेटची सूचना आली तर ती तशीच राहू द्या. पुणे ते गोवा डेक्कन क्लिफहँगर शर्यत असो की ६०० किलोमीटरची बीआरएम (लांब पल्ल्याची सायकल राईड), आदल्या रात्री हॉटेलच्या वायफायवर अपडेट करण्याइतका अविचार दुसरा नाही. नव्या आवृत्तीच्या टिपणात तुमच्या तक्रारीशी संबंधित एकही ओळ नसेल तर थांबायला काहीच हरकत नाही.

सगळं करून झालं. कंपनीला काय पाठवू?

"पेडल चालत नाही" एवढंच लिहिलं तर तुम्हाला वरचेच प्रश्न एकेक करून विचारतील आणि पंधरवडा जाईल. पहिल्याच मेलमध्ये हे द्या: दोन्ही पेडलांचे सीरियल क्रमांक, दोन्हींच्या फर्मवेअर आवृत्त्या स्क्रीनशॉटसकट, फोन आणि कंप्युटरचं मॉडेल, अपडेटआधीची एक आणि नंतरची एक मूळ फिट फाईल (कंप्युटरने केलेली राईडची नोंद), आणि वजन टांगून आलेले आकडे, डावा-उजवा वेगळे. टांगलेल्या वजनाचा फोटो जोडलात तर उत्तर देणाराही जरा सावरून बसतो.

पेडल मामाने अमेरिकेतून आणलेली असतील तर खरेदीची पावती आत्ताच मागवून ठेवा. वॉरंटी कुठल्या देशात चालेल आणि पाठवण्याचा खर्च कोणाचा, हे मेलमध्ये लेखी विचारा. परदेशी दुरुस्तीला पाठवलेलं पेडल परत येताना कस्टममध्ये नवी वस्तू समजून शुल्क लागू शकतं, म्हणून पाठवतानाच कुरिअरकडून दुरुस्तीसाठीची निर्यात अशी नोंद करून घ्या आणि कागदाची प्रत स्वतःजवळ ठेवा.